लॅमिंग्टन रोडवरचा एक ठिपका

शनिवारी दुपारी ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा. पाठीवर सॅक, डोक्यात मॉडेल नंबर आणि खात्यात नुकताच जमा झालेला बोनस घेऊन निघालेली पोरं-पोरी दिसतील. त्यांच्या मागे चालू लागलात की थोड्याच वेळात लॅमिंग्टन रोड! पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण तसा पत्ता सांगून बघा, टॅक्सीवाला क्षणभर विचारात पडेल.

१९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं हे नाव. मागच्या पिढीला हा रस्ता थिएटरांसाठी ठाऊक होता. १९७५ साली आलेला 'शोले' इथल्याच मिनर्व्हामध्ये तब्बल पाच वर्षं चालला. आता इथे गर्दी होते ती वेगळ्या पडद्यांसाठी. सत्तावीस इंची, बत्तीस इंची, वाकडे, सपाट, २४० हर्ट्झवाले... ऑफिसात दिवसभर एक्सेल बघून थकलेल्या डोळ्यांना रात्री दोन तास गेमिंगची ऐश हवी असते बॉस! त्यासाठी पन्नास-साठ हजार मोजायचे म्हणजे कित्येकांची महिनोन् महिन्यांची बचत.

आणि मग घरी येऊन मॉनिटर लावावा, तर काळ्याभोर पडद्याच्या बरोब्बर मधोमध एक हिरवा ठिपका, कायमचा पेटलेला. एकदा दिसला की नजर दुसरीकडे जातच नाही!

डबा उघडा, शेठ!

म्हणूनच या रस्त्यावर खरेदी करण्यात मजा आहे. इथे काउंटरवर डबा उघडून माल चालू करून बघता येतो. फक्त आधी बोलून घ्यायचं. "शेठ, पैसे देण्याआधी चालवून बघणार," हे भाव ठरवतानाच सांगा. पुष्कळ दुकानदार हो म्हणतात. जो नाही म्हणेल, त्याच्या शेजारी आणखी दहा दुकानं आहेत.

पडद्यावर एकामागून एक पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा रंग लावा. पेटून राहिलेला ठिपका काळ्यावर दिसतो, मेलेला ठिपका पांढऱ्यावर. कोपऱ्यांतून झिरपणारा बॅकलाइट मात्र दुकानाच्या झगमगाटात कळत नाही. तो घरी, दिवे घालवून, पहिल्याच रात्री बघायचा. घरी डबा उघडणार असाल तर सील तोडल्यापासून मोबाइलवर शूटिंग करा.

आता बिल. "बिल नको असेल तर भाव करून देतो," ही ऑफर इथे कानावर पडू शकते. मोह होतोच. पण वाचलेल्या त्या पैशांच्या बदल्यात तुम्ही दुकानदाराला धरायचा कागदच सोडून देता. परदेशातून परस्पर आलेला माल स्वस्त मिळतो, पण त्याला कंपनीची भारतातली वॉरंटी नसू शकते. डब्यावरचा, मॉनिटरच्या पाठीवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे ना, तेवढं बघा.

ठिपक्यांचं गणित

ठिपका घेऊन परत गेलात की पहिलं उत्तर ठरलेलं : "साहेब, एक पिक्सेल तो चलता है. कंपनी से बात करो."

चलता है कुठून आलं? पिक्सेलच्या दोषांसाठी आयएसओ ९२४१-३०७ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातल्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले आणि दोन मेलेले ठिपके खपवून घेतले जातात. फोर-के पडद्यावर सुमारे त्र्याऐंशी लाख पिक्सेल असतात. म्हणजे सोळा ठिपके पेटलेले असले तरी पडदा 'पास'! काही कंपन्या महागड्या मॉडेलना एकही पेटलेला ठिपका नसेल अशी हमी देतात, काही देत नाहीत. ही पॉलिसी खरेदीच्या आधी वाचायची आणि तिचा स्क्रीनशॉट ठेवायचा.

का? तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली 'दोष' या शब्दाची व्याख्या बरीच मोठी आहे. कायद्याने किंवा करारानुसार आवश्यक असलेल्या दर्जातली उणीव तर दोष आहेच, पण विक्रेत्याने केलेल्या दाव्यापेक्षा माल कमी निघाला तरी तो दोषच. डब्यावर २४० हर्ट्झ छापलंय आणि योग्य केबल, योग्य सेटिंग करूनही पडदा लुकलुकतोय, तर "अ‍ॅडजस्ट करा" हे उत्तर होऊ शकत नाही.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'

काउंटरवरची ही पाटी बघून मुकाट्याने मागे फिरणारे खूप आहेत. तुम्ही फिरू नका. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं ही कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदतच नसेल तर तीस दिवस धरले जातात. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. हां, मॉनिटर टेबलावर शोभत नाही म्हणून परत करायचाय, तर त्याला हे लागू नाही!

आधी दुकानदार आणि कंपनी दोघांनाही ईमेल करा, फोटो जोडा, रिप्लेसमेंट की पैसे परत, काय हवं ते स्पष्ट लिहा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आयोग दोष दुरुस्त करायला, माल बदलून द्यायला किंवा किंमत परत करायला सांगू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य, आणि वकील लावायलाच हवा असंही नाही. तारखा मात्र लांबू शकतात, एवढी मनाची तयारी ठेवा.

नाशिक-पुण्याहून पहाटेची गाडी पकडून इथे खरेदीला येणाऱ्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तक्रारीसाठी मुंबईत खेटे घालावे लागत नाहीत. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, तिथल्या आयोगात ती करता येते. २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही.

जाण्याआधी

- शक्यतो रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात.
- सीरियल नंबरसकट पक्कं बिल घ्या.
- डबा, थर्माकोल, केबल निदान महिनाभर टाकू नका.
- बदली मॉनिटर मिळाला की तो नवा आहे की दुरुस्त केलेला, हे लेखी विचारा.
- आयोगात जायची मुदत दोन वर्षं, पण ठिपका दिसला त्याच दिवशी ईमेल करा.