दुभाष्याची जागा

जपानचा आणि स्पॅनिश भाषकांच्या संस्कृतीचा तौलनिक अभ्यास बुलढाणा जिल्ह्यातील एका धर्मगुरूने कशासाठी करावा, असे आम्हांस कधीमधी विचारले जाते. आमचे उत्तर वसईत आहे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते : चार स्पेनचे, एक मेक्सिकोचे संत फिलिप आणि एक वसईचे संत गोन्सालो गार्सिया. उरलेले वीस जपानी. गोन्सालो हे काही विद्वान नव्हते. काही काळ ते व्यापारी होते. परंतु जपानी बोली त्यांच्या जिभेवर रुळलेली होती. म्हणूनच 1593 साली मनिलाहून निघालेल्या स्पॅनिश शिष्टमंडळाचे ते दुभाषी झाले व हिदेयोशीच्या दरबारी उभे राहिले.

दुभाष्याचे काम वाटते तितके सोपे नाही. नवारमध्ये जन्मलेले संत फ्रान्सिस झेवियर 1549 साली कागोशिमास उतरले, तेव्हा परमेश्वरासाठी त्यांनी प्रथम ‘दाईनिची’ हा तेथील शब्द घेतला. त्यातून वैरोचन बुद्धाचा बोध होतो हे उमगताच त्यांनी तो टाकला व ‘देउस’ हाच शब्द चालविला. मेक्सिकोतील मिशनऱ्यांनीही नाहुआत्ल भाषेतील प्रवचनांत ‘दिओस’ तसाच ठेवला. आमच्या फादर स्टीफन्सनी मात्र 1616 च्या ख्रिस्तपुराणात ‘वैकुंठ’ लिहिताना हात आखडला नाही. आम्हांस स्टीफन्स अधिक धीट वाटतात.

आणि माता मरियेचे पाहा. मेक्सिकोत ग्वादालुपेची सावळी माता उघड्यावर, लक्षावधी यात्रेकरूंच्या गर्दीत पूजिली जाते. जपानात बंदीच्या अडीचशे वर्षांत छुप्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती कान्नोन या बौद्ध देवतेच्या रूपात घरात जपली. एकीकडे मिरवणूक, दुसरीकडे कुजबुज. 1865 साली नागासाकीच्या ओउरा देवळात काही माणसे आली व त्यांनी तेथील फ्रेंच धर्मगुरूस मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले, तेव्हा ती कुजबुज जगाने ऐकली.

कॅथॉलिक जपानी कादंबरीकार शुसाकू एन्दो यांनी ‘सामुराई’ (1980) मध्ये हासेकुरा यांचा 1613 ते 1620 चा मेक्सिको व स्पेनचा प्रवास रंगविला आहे. त्यातला दुभाषी, वेलास्को नावाचा स्पॅनिश धर्मगुरू, महत्त्वाकांक्षेपोटी शब्दांना आपल्या सोयीचे वळण देतो. प्रत्येक प्रवचनकाराने तो वाचावा. आम्ही दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा अधिक अस्वस्थ झालो.

कारण आम्हीही दुभाषीच. वेदीवरून आम्ही ‘कृपा’ म्हणतो, तेव्हा समोरच्या वऱ्हाडी माणसाने तो शब्द शेगावच्या वाटेवर आधीच ऐकलेला असतो. काही सहकाऱ्यांना ही अडचण वाटते. आमच्या मते हाच शब्द नको म्हटले, तर बोलायला उरते काय? मात्र शब्द तोच असला तरी त्यात ख्रिस्ताचा क्रूस ऐकू यावा, एवढी जबाबदारी आमची.

सार्वत्रिक दिनदर्शिकेत 6 फेब्रुवारीस ‘संत पौल मिकी व सोबती’ असा उल्लेख येतो. फिलिप आणि गोन्सालो त्या ‘सोबती’ शब्दात असतात. आमच्या देवळात त्या दिवशी आम्ही ही दोन्ही नावे मोठ्याने वाचतो.