चार तळहातांची जमीन

घरात सोन्याची खरेदी निघाली म्हणजे सराफ्यात यायला माणसे कमी पडत नाहीत. पैठणीचा विषय निघाला की शेजारच्या काकूसुद्धा पायांत चपला सरकवून तयार असतात. पण 'टायर घ्यायला जातो' असे एकदा मोठ्याने म्हणून पाहा! कुणाचे डोके दुखू लागते, कुणाला परीक्षा आठवते. टायर म्हणजे काळा, वास येणारा, कुणाला दाखवून मिरवता न येणारा खर्च. नवे टायर घातले म्हणून कुणी पेढे वाटल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आमच्या छत्रपती संभाजीनगरला मोटारींचे कौतुक मात्र मोठे. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला. पुढे २००७ पासून तिथेच ऑडीची ए-सिक्स जोडली जाऊ लागली. ऑक्टोबर २०१० मध्ये तर इथल्या मंडळींनी गट करून एका दमात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटींची ती खरेदी देशभर गाजली. आमचा ऊर तेव्हा किती भरून आला होता म्हणून सांगू! त्या दीडशे गाड्यांचे टायर एव्हाना कितीदा बदलले गेले असतील? त्याची बातमी कुठे आली नाही, आणि येणारही नाही.

माझ्या धाकट्या भावाकडे अशीच एक ए-सिक्स आहे, तीन लिटरच्या डिझेल इंजिनाची. वाळूजला त्याचे छोटे वर्कशॉप आहे. ही गाडी त्याने एका स्नेह्याकडून जुनीच घेतली. रिकामी असतानाच तिचे वजन अठराशे किलोंच्या आसपास. पण पायाने जरा डिवचले की हरणासारखी उसळते. हत्तीचे अंग आणि हरणाची चाल! कवीला हे वर्णन फार आवडेल. ज्याला तिचे टायर निवडायचे आहेत त्याला मात्र घाम फुटतो.

२०२५ च्या मे महिन्यात पुतणीला पहिल्या बाळंतपणासाठी नागपूरहून आणायचे ठरले. सातवा महिना होता. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नव्हती. समृद्धी महामार्गाने चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर, गाडीला १२० ची वेगमर्यादा, वर वैशाखाचे ऊन आणि खाली तापलेले काँक्रीट. भावाने टायरांच्या खाचांची खोली मोजली. चार मिलिमीटर भरली. कायद्याची मर्यादा १.६ ची. "माल शिल्लक आहे," तो समाधानाने म्हणाला.

भावजय ओट्याशी होती. तिथूनच तिने विचारले, "अहो, पण त्यांचे वय किती?"

प्रश्न बायकी वाटावा इतका साधा होता. पण त्यानेच सगळे पारडे फिरले. टायरच्या अंगावर त्याची जन्मपत्रिका कोरलेली असते. शेवटचे चार आकडे पाहायचे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आम्ही वाकून पाहिले, तर '२२१८'. म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. सात वर्षे झाली होती. रबर झिजले नाही तरी म्हातारे होतेच. ऊन, हवा, उष्णता त्याचा लवचीकपणा हळूहळू काढून घेतात. म्हणूनच सहा वर्षांनंतर टायर बदला, असे मोटारी बनवणारे अनेक कारखाने सांगतात. वरून धडधाकट आणि आतून थकलेली माणसे आपण पाहतोच की!

जालना रस्त्यावरच्या एका दुकानात आम्ही दोघे भाऊ गेलो. आमच्या वाळूजला गुडइयरचा टायरांचा कारखाना आहे; त्यामुळे गावात टायरांची जाण असणारे पुष्कळ भेटतात. जुन्या टायरवर लिहिले होते : '२४५/४५ आर १८, १०० वाय.' दुकानदाराने मला ते पंचांगासारखे फोड करून सांगितले. रुंदी २४५ मिलिमीटर. उंची तिच्या शेकडा ४५, म्हणजे जेमतेम ११० मिलिमीटर. आत १८ इंची चाक. १०० या आकड्याचा अर्थ, एका टायरने ८०० किलो पेलावेत. आणि 'वाय' म्हणजे ताशी ३०० किलोमीटरांपर्यंतचा वेग.

"अहो, ३०० नी कोण जाणार आहे?" मी विचारले.

"कोणीच नाही, साहेब. पण जो टायर ३०० ला टिकावा म्हणून बांधलेला असतो, तो १२० ला गरम कमी होतो."

मला ते पटले. टायरचा खरा वैरी उष्णता.

मग निवड सुरू झाली. पहिला टायर स्वस्त होता, मापही तेच. पण आकडा ९६. म्हणजे ७१० किलो. चार चाकांचा गुणाकार केला तर तोही पुरेसा वाटतो. पण वजनाचे चार सारखे वाटे कधी पडत नाहीत. ब्रेक दाबला की सगळा भार पुढे धावतो, वळणावर एका अंगाला कलतो. माप तेच असले तरी कुवत तीच असते असे नाही. दुसरा टायर शर्यतीच्या जातीचा. रस्ता घट्ट धरणारा, पण मऊ रबराचा. लवकर झिजणारा आणि काँक्रीटवर गुरगुरणारा. तिसरा लांबच्या प्रवासाचा. आकडा १००, बांधणी जाड, चाल शांत. चारांची किंमत एका बऱ्यापैकी दुचाकीला जाऊन भिडत होती.

"दोनच बदलू का?" भावाने विचारले. त्या महिन्यात वर्कशॉपची येणी अडकली होती, हे मला ठाऊक होते. दुकानदाराने मान हलवली. या गाडीचे इंजिन चारही चाकांना ओढते. दोन नवे आणि दोन झिजलेले घातले तर त्यांचे घेर वेगळे होतात, आणि मधली यंत्रणा सतत त्या फरकाशी झगडत बसते. भाऊ क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "चार घाला. तिसऱ्यातले."

डनलॉपची गोष्ट मला तेव्हा आठवली. बेलफास्टचा हा गुरांचा डॉक्टर. १८८८ साली त्याने हवेचा टायर केला, तो आपल्या लहानग्या मुलाच्या तीनचाकीसाठी. लेकराला धक्के बसू नयेत, एवढीच त्याची इच्छा. टायरच्या धंद्याचा पसारा पुढे जगभर झाला; उगम मात्र एका बापाच्या काळजीत आहे.

दुकानात एक चालक उभा होता. तो म्हणाला, "उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवा, टायर फुटत नाही." हा समज आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, आणि वाकून वाकूनच ती तापते. दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेली हवा भरावी, आणि तीही चाके थंड असताना.

खरा पेच तर पुढेच होता. जुने चार टायर भिंतीला टेकवून ठेवले होते. दुकानदार म्हणाला, "साहेब, याचे नगामागे दोन हजार देतो. माल आहे अजून. कुणीतरी भाड्याच्या गाडीला घालेल."

आठ हजार रुपये. त्या महिन्यात ते नको होते असे नाही. भाऊ त्या टायरांकडे पाहत राहिला. मी बोललो नाही. पैसे त्याचे होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "माझ्या पोरीला जे चालत नाहीत, ते त्या गाडीत बसणाऱ्या पोरीला कसे चालतील? करवत आहे का तुमच्याकडे?"

दुकानदाराने तोंड जरा वाईट केले; पण पोऱ्याला हाक मारली. चारही टायर बाजूने चिरले गेले आणि मगच भंगारात पडले.

पुतणी सुखरूप आली. जालन्याच्या पुढे तिला झोप लागली होती, ती सावंगीला उतरल्यावर उघडली. चाकांकडे तिने पाहिलेही नाही. कशाला पाहावे? एवढी मोठी गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी तळहाताएवढीच. यंदा आमच्या घरात तीन महिन्यांचा एक पाहुणा पहिली दिवाळी पाहतो आहे. सराफ्यातून त्याच्यासाठी चांदीचा वाळा आणायचा आहे. सगळे घर यायला तयार बसले आहे. आणि निघण्याआधी भाऊ खाली जाऊन चाकांतली हवा पाहतो आहे.