उघडे कान

पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें स्वतःसाठीं एखादी महाग वस्तु विकत घेतली, कीं तिचें समर्थन करण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते. तरुणानें घेतली तर ती हौस ठरते, वृद्धानें घेतली तर गरज ठरते. मधल्या वयाच्या माणसानें घेतली तर मात्र लोक वस्तूकडे न पाहतां त्याच्याच तोंडाकडे पाहूं लागतात. गेल्या दिवाळीनंतर मीं एक उंची हेडफोन आणि त्याला जोडावयाचा अँप्लिफायर घरीं आणला, तेव्हां हा अनुभव मला पुरेपूर आला. आमच्या सौभाग्यवतींनीं किंमत ऐकली, क्षणभर हिशेब केला, आणि "एवढ्यांत होडीला इंजिन आलें असतें," एवढेंच त्या म्हणाल्या. वरळी कोळीवाड्यांत लहानाच्या मोठ्या झालेल्या बाईचा हा हिशेब आहे; त्यावर वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाहीं. आमच्याकडे आतां होडी उरलेली नाहीं, आणि मी तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों, हें खरें. परंतु इंजिन हें मापच असें आहे कीं त्याच्यापुढें सोनें-नाणेंही फिकें पडतें.

वस्तूचें वर्णन आधीं उरकून घेतों. हेडफोन सेनहायझर या जर्मन कंपनीचा, एचडी ८०० एस नांवाचा. २००९ सालीं निघालेल्या एचडी ८०० ची ही २०१६ मधली सुधारलेली आवृत्ति. वजन ३३० ग्रॅम, म्हणजे एका मध्यम पापलेटाएवढें. डोक्यावर चढविल्यावर मात्र तें फारसें जाणवत नाहीं, कारण त्याच्या गाद्या कानांवर न दाबतां कानांभोंवतीं टेकतात. आवाज काढणारा पडदा ५६ मिलिमीटर व्यासाचा आणि वळ्याच्या आकाराचा. तो कानासमोर सरळ न बसवितां थोडा पुढें आणि तिरपा बसविला आहे. अँप्लिफायर पुण्याच्या एका हौशी कारागिरानें हातानें जुळविलेला, आणि तोही व्हॉल्व्हचा. कळ दाबली कीं तो लगेच बोलत नाहीं. अर्धा-पाऊण मिनिट कांचेच्या पोटांत नारिंगी ठिणगी वाढत जाते, मग कोठें त्याला कंठ फुटतो. माझ्या लहानपणीं घरीं व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्यासमोर वाट पाहत बसण्याची जी संवय जडली होती, ती इतक्या वर्षांनीं उपयोगी पडली. समुद्राची खारी हवा धातूला खाते, म्हणून सौभाग्यवतींनींच पुढें या यंत्राला जुन्या नऊवारीची खोळ शिवून दिली. इंजिनाचा विषय त्या दिवशीं निघाला नाहीं.

हेडफोनला निराळा अँप्लिफायर कशाला, असें मला दहा जणांनीं विचारलें. विजेच्या प्रवाहाला या हेडफोनचा विरोध ३०० ओहम आहे. मोबाइलच्या साध्या इयरफोनचा बहुधा ३२ च्या आसपास असतो. एक सहस्रांश वॉट शक्ति ३२ ओहमांत ओतावयास सुमारें ०.१८ व्होल्ट दाब पुरतो, ३०० ओहमांत ०.५५ लागतो, म्हणजे तिप्पट. मोबाइलला हें अगदींच अशक्य नाहीं. संथ चाललेली आलापी तो वाहून नेतो. पण तबल्यावर अकस्मात् थाप पडली, किंवा गवयानें तार षड्जावर आवाज टाकला, कीं त्या क्षणापुरती दसपट-वीसपट शक्ति लागते, आणि तेथें त्याची दमछाक होते. माझ्या अँप्लिफायरचें बटण घड्याळांतल्या नवाच्या पुढें मीं अजून नेलेलें नाहीं. शिल्लक पुष्कळ आहे, ही खात्रीच त्या आवाजाला एक प्रकारची निश्चिंतता देते. बँकेंत ठेव असलेल्या माणसाच्या चालण्यांत दिसते तशी.

गंमत अशी कीं या जोडींत हेडफोन वडील आहे आणि अँप्लिफायर धाकटा. १८८१ मध्यें पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनांत लोकांनीं दोन कानांना टेलिफोनचीं दोन तोंडें लावून दूरच्या नाट्यगृहांतलें गाणें ऐकलें, तेव्हां आवाज वाढविणारें यंत्र जगांत नव्हतें. १९१० च्या सुमारास अमेरिकेंतल्या यूटा प्रांतीं नॅथॅनियल बाल्डविन यानें आरमारासाठीं हेडफोन बनविले, तेही असेच बिनमदतीचे. आणि २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां या शहरांत कित्येकांनीं तें स्फटिकाच्या सेटवर ऐकलें असेल. त्या सेटला वीज लागत नसे. आकाशांतून तारेनें जी काय शक्ति धरून आणली असेल, तेवढ्यावरच कानाचा पडदा हालावयाचा. एवढ्या काटकसरीनें ऐकणाऱ्या पिढीपुढें माझी ही श्रीमंती मला कधीं कधीं ओशाळवाणी वाटते.

प्रथमदर्शन म्हणतात, तसें प्रथमश्रवण कसें झालें? मीं पहिल्यानें किशोरीताईंचा भूप लावला. ही मुद्रिका मला पाठ आहे, अशी माझी समजूत आहे. पण तिच्यांतले तंबोरे एका कोपऱ्यांत गुणगुणणारी वस्तु नसून गाण्याखालची जमीन आहेत, हें कानांना त्या दिवशीं दिसलें. दिसलें, असेंच म्हणतों. एरव्हीं हेडफोनमधला गवई कवटीच्या आंत बसून गातो. खोलींत दोन स्पीकर वाजतात तेव्हां उजव्याचा आवाज डाव्या कानालाही पोहोंचतो, किंचित् उशिरां आणि किंचित् क्षीण होऊन, आणि त्या फरकावरून मेंदु दिशा ठरवितो. हेडफोनमध्यें हा व्यवहारच तुटतो. या यंत्रांत पडदा तिरपा बसविल्यामुळें आवाज कानाच्या पाळीच्या वळणांवरून आंत शिरतो, आणि गवई कवटींतून बाहेर पडून चार बोटें पुढें येऊन बसतो. चार बोटेंच, मैफलींतल्या बैठकीइतका दूर नव्हे. जाहिरातींत याच्याहून पुष्कळ मोठा मांडव घातलेला असतो.

दुसरी परीक्षा केसरबाई केरकरांची. त्यांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर तारकांकडे रवाना झाली, आणि त्याच वर्षीं बाई निवर्तल्या. जुन्या तव्यांवरचें त्यांचें गाणें तीन-साडेतीन मिनिटांचें. तें या हेडफोनवर ऐकणें म्हणजे श्रावणांतल्या सरींतून कोणाला तरी हांक मारणें. सुईची खरखर, तव्याचा ओरखडा, सगळें दुप्पट स्पष्ट. चांगल्या यंत्राला भीड नसते. नवशिक्या मुद्रकाची, स्वस्त फितीची लक्तरें तें उंबऱ्यावर आणून मांडतें. माझ्या संग्रहांतल्या निम्म्या मुद्रिका मला आतां जुन्याच यंत्रावर ऐकाव्याशा वाटतात, हा या खरेदीचा तोटा मीं सौभाग्यवतींना अजून सांगितलेला नाहीं.

कंपनीच्या पत्रकांत हें यंत्र ५१,००० कंपनांपर्यंत आवाज काढतें, असें लिहिलें आहे. तरुण कानाची धांव २०,००० पर्यंत. माझी बारा हजारांच्या अलीकडेच थांबते, हें कानाच्या डॉक्टरांनीं कागदावर रेघ काढून दाखविलें आहे. म्हणजे विकत घेतलेल्या मालापैकीं तीन चतुर्थांश माझ्या दारावरून तसाच परत जातो. माझ्या विषयांतला लाडका निबंधकार चार्ल्स लँब यानें १८२१ मध्यें कानांवर एक प्रकरण लिहून, आपणांस संगीताचा कानच नाहीं असें सांगून टाकलें होतें. त्याला ही खरेदी करावी लागली नाहीं.

आतां खरी गोष्ट सांगतों. हा हेडफोन उघड्या पाठीचा आहे. पडद्यामागें भिंत नाहीं, नुसती जाळी. आंतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आंत येतो. एवढे पैसे मोजून शांतता मिळाली नाहीं म्हणून कोणी हळहळेल. मला ती नकोच होती. आमचें घर क्लीव्हलंड बंदराकडे जाणाऱ्या गल्लींत. २०२० च्या मार्चअखेरीस करोनामुळें सारा कोळीवाडा बंद करून टाकला, तेव्हां पुरेशी शांतता मीं ऐकली आहे. त्या दिवसांत भरतीचें पाणी किल्ल्याखालच्या खडकांवर चढत असलेलें घरांत बसून ऐकूं येई, आणि तें ऐकून कोणालाही आनंद होत नसे. हल्लीं भूपाच्या आलापींत बंदरावरच्या इंजिनाची धडधड मिसळते, टोपल्या आपटतात, कोणी बाई कोणाला तरी हिशेब समजावून सांगते. खालीं सर्वांच्या तळाशीं सागरी सेतूचा आणि २०२४ मध्यें त्याला येऊन मिळालेल्या किनारी रस्त्याचा अखंड घोष असतो. त्या रस्त्याच्या खांबांमधलें अंतर ६० मीटर ठेवणार होते. त्यांतून होड्या सुखरूप जाणार नाहींत, असें म्हणून येथल्या कोळ्यांनीं २०० मीटर मागितलें, आणि २०२२ च्या डिसेंबरांत १२० कबूल झालें. तो घोष ऐकतांना मला हे आंकडे हटकून आठवतात.

भाच्यानें आमच्या घरची एक जुनी कॅसेट संगणकावर उतरवून दिली होती. माझ्या थोरल्या बहिणीच्या हळदीची, १९८९ च्या मे महिन्यांतली. दुबईहून कोणी तरी आणलेल्या टू-इन-वनवर ती भरलेली. पंधरा-वीस बाया हळदीचीं गाणीं म्हणत आहेत आणि त्यांत आमची आई आहे. आई १९९७ सालीं गेली. तिच्या आवाजाची घरांत एवढीच खूण. आजवर ती कॅसेट म्हणजे एक गलका होता; त्यांत आई आहे, हें आम्हीं मानीत होतों इतकेंच. या हेडफोनवर तो गलका सुटा झाला. टू-इन-वनला दोन माइक असावेत, कारण बाया डावीकडून उजवीकडे ओळीनें बसल्या. डावीकडून तिसरी आई. सूर किंचित् चढा, शेवटचें अक्षर ओढण्याची लकब. एका कडव्याच्या मध्येंच ती गाणें सोडते, तोंड वळविते, कोणाला तरी तीन शब्द विचारते, आणि पुढच्या ओळीला परत गाण्यांत येते.

मला ते शब्द ऐकूं आले ते असे: "बरफ आला कं?" मेचा उकाडा, होडी किनाऱ्याला लागलेली, पेट्यांतली मासळी, मुलीची हळद असली तरी मासळी थांबत नाहीं. आई हुबेहूब अशीच होती. मीं ती जागा सौभाग्यवतींना ऐकविली. त्यांनाही बरफच ऐकूं आला.

ताईनें हेडफोन लावला, डोळे मिटून घेतले, तीन वेळां ती जागा ऐकली, आणि म्हणाली, "बरफ कसला? 'भाऊ आला कं?' म्हणतेय."

येथें वाचकांना एक गोष्ट सांगणें भाग आहे. आजोबांच्या मागें होडींतल्या अर्ध्या वांट्यावरून आई आणि मामा यांचें बिनसलें होतें. मामा ताईच्या हळदीला आला नाहीं, लग्नालाही आला नाहीं. आईनें त्याचें नांव त्यानंतर कधीं काढलें नाहीं. निदान माझ्यासमोर नाहीं. आतां दोघेही नाहींत. मामाचे मुलगे तीन गल्ल्यांपलीकडे राहतात, आणि रस्त्यांत भेटले तर मान हालवितात.

मीं माझें शास्त्र पुढें केलें. 'फ' हा ओठ आणि दांत यांच्या फटींतून निघणारा नुसता वाऱ्याचा आवाज. त्याची शक्ति अत्यल्प आणि ती वरच्या कंपनांत विखुरलेली. टेलिफोनवर ३,४०० कंपनांच्या वरचें सगळें छाटलें जात असे, म्हणून 'फ' आणि 'स' यांची तेथें नेहमीं गफलत होई. घरगुती फितीवर हाच भाग आधीं झिजतो, आणि वाढत्या वयांत कानाचाही हाच भाग आधीं झिजतो. ताई माझ्याहून सात वर्षांनीं मोठी. तिला 'फ' ऐकूं आला नाहीं, यांत नवल तें काय?

ताईनें शांतपणें ऐकून घेतलें. "बरफ सकाळचा येतो रे," ती म्हणाली. "हळद संध्याकाळची."

मेमध्यें उकाडा फार झाला तर संध्याकाळींही बरफाची दुसरी खेप येते, असें मीं म्हटलें. तिनें उत्तर दिलें नाहीं. मग मीं एकट्यानें ती जागा रात्रीं दहा वेळां लावली. व्हॉल्व्ह तापले, खोळ खुर्चीवर पडून राहिली. सहाव्या वेळेपासून मला कधीं बरफ ऐकूं येई, कधीं भाऊ. जें मनांत धरावें तें. जर्मनीनें आणि पुण्यानें मिळून आपल्याकडून सर्व कांहीं केलें होतें. त्यापुढचें काम त्यांचें नव्हतें.

परवां ताईनें भाच्याकडून तें गाणें मोबाइलमध्यें घालून घेतलें आणि मला न सांगतां ती तीन गल्ल्या ओलांडून मामाच्या घरीं गेली. तेथें मामेभावाचा तीनशें रुपयांचा इयरफोन होता. तो पाळीपाळीनें सर्वांनीं लावला. सर्वांना 'भाऊ'च ऐकूं आलें, असें ती सांगते. येतांना तिला त्यांनीं सुकट बांधून दिली; त्यांतली अर्धी तिनें आमच्याकडे आणून टाकली.