लाईन

इंग्रजीच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावरही वसईतील आमच्या आळीतल्या मुलांना सायंकाळी शिकविण्याचा परिपाठ मी चालू ठेवला आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलीने शब्दकोशात ‘लाईन’ या शब्दापुढे स्तंभच्या स्तंभ भरलेले अर्थ पाहून ‘सर, एवढे सगळे पाठ करायचे?’ असा रास्त सवाल केला, तेव्हा मी तिला कोश मिटावयास सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत हा शब्द जिथे जिथे कानी पडेल तिथे तिथे टिपून ठेवावा, अशी तजवीज सुचविली. शिष्येस सांगितलेले काम गुरूनेही करावे, म्हणून मीही एक वही खिशात घातली.

वहीचा श्रीगणेशा चहाआधीच झाला. रात्रीच्या पावसात वीज गेली होती आणि ‘लाईन गेली, लाईनमनला फोन लावा’ असा शेजारणीचा पुकारा चालला होता; नळ कोरडा दिसताच ‘पाण्याची लाईन फुटली असेल’ असा तर्कही तिनेच केला. पुढे वसई रोड स्थानकावर तर शब्दाचे अमाप पीक आले. तिकीट खिडकीशी ‘ओ काका, लाईनीत या’. फलाटावर ‘आमच्या लाईनीत उधारी चालत नाही’ म्हणणारा व्यापारी, आणि थोरल्या मुलाची गाडी एकदाची ‘लाईनीवर आली’ म्हणून समाधान पावलेले एक गृहस्थ. महाविद्यालयीन तरुणांच्या तोंडचा ‘लाईन मारणे’ हा प्रयोग मुलीच्या वहीतही पुढे आढळला. त्याचा खुलासा तिने मागितला नाही, मीही केला नाही.

या सर्वांत आमच्या मुलखाला सर्वांत जवळचा अर्थ अर्थातच रुळांचा. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १८६७ च्या एप्रिलात विरार ते मुंबईचे बॅकबे अशी गाडी सुरू केली; १९५१ साली त्या कंपनीची पश्चिम रेल्वे झाली, तरी लोकांच्या बोलण्यात ती ‘वेस्टर्न लाईन’च राहिली. चर्चगेट ते विरार या साठ किलोमीटरांत राहणाऱ्यास गाव कोणते हे विचारण्यापूर्वी ‘कुठल्या लाईनला राहता?’ असे विचारतात, आणि सोयरीक जमविताना ‘मुलगा आपल्याच लाईनचा बघा’ अशी अटही घालतात. परकीय शब्दास मराठीने ओळ आणि रांग यांच्याप्रमाणे स्त्रीलिंगी केले, विभक्तीचे प्रत्यय लावले, आणि ‘कायदेशीर’, ‘पद्धतशीर’ यांच्या पंक्तीस ‘लाईनशीर’ही बसविले.

परतताना एका मोकळ्या भूखंडावर नव्या इमारतीचे लाईनआऊट चालले होते. गवंड्याने चारी कोपऱ्यांत खुंट्या ठोकून त्यांना दोरी ताणली होती, आणि तिच्या कडेने मूठमूठ फक्की सोडीत त्याचा जोडीदार मागे मागे सरकत होता. दोरी सोडून घेतली, तेव्हा ओल्या मातीवर पांढरी रेघ तेवढी उरली. ‘लाईन ताणून धर रे, पोट पडतंय,’ असे गवंडी ओरडला, आणि कोशातील व्युत्पत्ती माझ्यापुढे साक्षात उभी राहिली. लॅटिन भाषेत ‘लिनम’ म्हणजे जवस, आणि त्याच्या तंतूंची दोरी ती ‘लिनिया’. त्याच मुळापासून लिननचे कापड, शिंप्याचे लायनिंग आणि जवसाच्या तेलापासून होणारे लिनोलियम. दोरीवरून रेघ, रेघेवरून ओळ, ओळीवरून मार्ग आणि मार्गावरून पेशा असा हा विस्तार झाला. संस्कृतातही ‘सूत्र’ हा शब्द धाग्यापासून निघून पाणिनीच्या नियमांपर्यंत पोहोचलाच आहे.

सायंकाळी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या आणि मुलीला एवढेच सांगितले की, दोन टोकांमध्ये ताणलेली दोरी मनात धरून प्रत्येक वाक्य वाच. वीज, पाणी, रूळ, रांग, धंदा यांचे अर्थ तिने एकामागून एक त्या दोरीस बांधून दाखविले, आणि मग कोशातील स्तंभही न घाबरता वाचून काढला. पुढच्या आठवड्यासाठी तिने आपण होऊन ‘पास’ हा शब्द मुक्रर केला आहे. रेल्वेचा पास, परीक्षेतला पास, टाइमपास आणि बायपास एवढी नोंद झालीसुद्धा, आणि माझी वही अद्याप कोरीच असल्याबद्दल मला तंबीही मिळाली आहे.