फोडणी न मागणारी डाळ

नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये ३ ऑक्टोबरला गावाची सुट्टी असते. १५७४ साली या दिवशी स्पॅनिश सैन्याचा वेढा उठला. त्याची आठवण म्हणून लोक सकाळी रांगेत उभे राहून हेरिंग मासा आणि पांढरा पाव घेतात आणि घरोघरी गाजर, कांदा, बटाटा एकत्र ठेचून केलेला हुत्सपॉट खातात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंचं पंचांग याच दिवसाला बांधलेलं आहे. त्या दिवसाच्या जत्रेचे पाळणे उतरले की त्यांच्याकडचं सगळ्यात मोठं पातेलं फळीवरून खाली येतं आणि वाटाण्याच्या डाळीचं सूप चढतं. त्याचं रीतसर नाव एर्टनसूप, पण बोलताना सगळे स्नर्टच म्हणतात.

माझं या गावातलं पहिलं वर्ष होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली आणि संध्याकाळ एकदम अंगावर आली. नोव्हेंबरात पाच वाजताच दिवे लागायचे, सायकलवरून घरी येईपर्यंत बोटं बधिर व्हायची. अशाच एका संध्याकाळी जिन्यात वास आला. डाळीचा होता, हे लगेच कळलं, पण आपल्या घरातल्या डाळीचा नव्हता. त्यात काहीतरी मातीतलं, कंदाचं होतं. मी तिथेच थांबले. बाईंनी दार उघडलं आणि हातात वाडगा दिला. मी डुकराचं मांस खात नाही, हे मला तेव्हा सांगावं लागलं, आणि ते सांगताना जीवावर आलं होतं, कारण त्यांच्या सूपात डुकराचे पाय आणि धुरी दिलेलं सॉसेज असतं. त्यांनी वाडगा परत घेतला. पुढच्या शनिवारी माझ्यासाठी वेगळं छोटं पातेलं चढवलं होतं.

मग मला ते घरी करून बघायचंच होतं. दुकानात हिरव्या डाळीचं अर्ध्या किलोचं पाकीट मिळालं. डाळ म्हटल्यावर आपल्याला कोण शिकवणार, असं मनात होतं. पुण्याला आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "अगं, पण फोडणी कधी घालायची याला?" ते ऐकून मलाही तोच रस्ता बरोबर वाटला. डाळ थेट कुकरमध्ये घातली, डबाही लावला नाही. वाटाण्याच्या डाळीला तुरीपेक्षा फार जास्त फेस येतो. दुसऱ्या शिट्टीनंतर शिट्टीच्या छिद्रातून हिरवा फेस उसळला आणि मग वाफच बाहेर पडेना. गॅस बंद करून मी स्वयंपाकघराबाहेर जाऊन उभी राहिले. तो फेस छिद्रात अडकून बसतो आणि कुकरमध्ये दाब कोंडतो, त्यामुळे ही गोष्ट खरोखर धोक्याची आहे. ही डाळ कुकरमध्ये मोकळी कधीही घालू नका. त्या दिवशी जे हाती लागलं त्यावर मी हिंग-मोहरी-लसणाची फोडणी ओतली. छान लागलं, पोटभर जेवलो, पण ती आमटी झाली होती. जिन्यातला वास त्यात कुठेच नव्हता.

शेवटी बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, शनिवारी बाजार करून या. नीव रेइनच्या काठाने बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो, तिथून मी सेलेरीचा कंद आणला. दिसायला ओबडधोबड, मुळ्यांच्या गुंत्यात माती अडकलेली. सुरणाचा धाकटा भाऊ म्हणावा. या सूपाचं सगळं रहस्य त्यात आहे असं माझं आता पक्कं मत झालं आहे. तो चिरताना जो वास सुटतो, तोच जिन्यात आला होता.

अर्धा किलो डाळ धुवायची. साल निघालं की वाटाण्याचा दाणा आपोआप दोन दळांत सुटतो, म्हणून ही डाळ भिजवावी लागत नाही. अडीच लिटर गार पाण्यात ती चढवायची, दोन तमालपत्रं टाकायची. उकळी येता येता पांढरा दाट फेस वर जमतो, तो झाऱ्याने काढत राहायचा. बाई या कामाला स्टूल घेऊन बसतात आणि पहिली पंधरा मिनिटं पातेल्यापासून हलत नाहीत. मग आच अगदी मंद. अर्ध्या तासाने दोन बटाटे, अर्धा कंद, एक जाडजूड गाजर, सगळं बोटाच्या पेराएवढं चिरून घालायचं, आणि लीकच्या दोन दांड्या. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा थोरला, सौम्य भाऊ. त्याच्या पानांच्या थरांत वाळू असते, म्हणून उभा चिरून धुवावा. तासा-सव्वा तासात डाळीचे दाणे दिसेनासे होतात. मीठ, मिरपूड आणि सेलेरीची चिरलेली पानं शेवटी. टोमॅटो किंवा लिंबू शिजताना घालायचं नाही. आंबटाने डाळ शिजायची अडते, हे चिंच मागाहून घालणाऱ्या आपल्या घरांना सांगायला नको.

आणि ढवळत राहायचं. दाट झाल्यावर डाळ बुडाशी बसते, लागते, आणि करपल्याचा वास सगळ्या पातेल्यात भरतो. तसं झालंच तर तळ न खरवडता वरचं दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावं.

त्या दिवशी मी वाडगा पुढे केला, तर बाईंनी झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्या." स्नर्ट त्याच दिवशी खायचं नसतं. गार होताना डाळीतला आणि बटाट्यातला स्टार्च घट्ट धरतो आणि रात्रभरात सूपाचं रूपच पालटतं. दुसऱ्या संध्याकाळी गरम केल्यावर त्यांनी मधोमध लाकडी चमचा रोवला. तो उभा राहिला. इथे ही सूपाची परीक्षाच मानतात. सोबत राय नावाच्या धान्याचा काळा, ओलसर पाव आणि त्यावर मोहरीची झणझणीत चटणी. बाकीचे त्यावर धुरी दिलेल्या मांसाच्या कापा ठेवतात, मी नुसती मोहरी लावते.

आईचा प्रश्न मात्र माझ्या मनात बराच काळ होता. फोडणी नाही, तिखट नाही, हळद नाही, मग चव कुठून येते? आता वाटतं, ती वेळातून येते. आपली आमटी शेवटच्या मिनिटाला चुरचुरत्या तेलाने जिवंत होते. हे सूप पहिल्या तासात आणि मग रात्रभर, कुणाचं लक्ष नसताना तयार होतं. दोन्ही माझ्या घरात शिजतात, पण मी ती एकमेकांत मिसळत नाही. स्नर्टवर जिऱ्याची फोडणी घालून 'आपलंसं' करणारे मित्र मला भेटतात, तेव्हा मी त्यांना कळकळीने सांगते की एकदा तरी तसंच खाऊन बघा.

बाई मूळच्या फ्रीसलंडच्या. तिथली अकरा गावं जोडणारी सुमारे दोनशे किलोमीटरची स्केटिंगची शर्यत १९०९ पासून फक्त पंधरा वेळा झाली, शेवटची ४ जानेवारी १९९७ ला. बर्फ पुरेसा जाड होईना, म्हणून नंतर झालीच नाही. त्या शर्यतीबद्दल बोलताना बाईंचा आवाज बदलतो. २०२१ च्या फेब्रुवारीत कालवे गोठले, पण एरवी बर्फावर लागणाऱ्या सूपाच्या टपऱ्यांना कोरोनामुळे परवानगी नव्हती. तेव्हा बाई काठावर थर्मास घेऊन उभ्या होत्या. मला बर्फावर धड उभं राहता येत नाही, तरी त्यांनी माझ्यासाठी बिनमांसाचा वेगळा थर्मास आणला होता.

मागच्या डिसेंबरात पुण्याला गेले तेव्हा आईच्या ओट्यावर हे सूप केलं. वाण्याकडे पिवळीच वाटाणा डाळ मिळाली. स्वीडनमध्ये गुरुवारचं सूप पिवळ्या वाटाण्याचंच असतं, त्यामुळे रंगाचं मनाला लावून घेतलं नाही. कंदाऐवजी नवलकोल घातला, लीकऐवजी पातीचा कांदा. रात्रभर झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आईने ज्वारीच्या भाकरीशी खाल्लं आणि पुन्हा वाढून घेतलं. दाटपणा आला होता, चमचा उभा राहिला होता, पण तो वास काही आला नाही. सेलेरीचा कंद पुण्यात कुठे मिळत असेल तर मला जरूर कळवा.