पावातली अंगठी

जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' (१९१४) या संग्रहातली 'क्ले' ही कथा यंदा आम्हाला अभ्यासाला आहे. 'क्ले' म्हणजे चिकणमाती. प्रथम वाचली तेव्हा वाटले, हिच्यात घडते तरी काय? मारिया नावाची एक प्रौढ अविवाहिता. डब्लिनमधल्या लाँड्रीत कामाला. हॅलोईनच्या संध्याकाळी ती तिथल्या बायकांना चहा आणि बार्मब्रॅक वाढते, मग तिने लहानपणी सांभाळलेल्या जोच्या घरी जाऊन मुलांच्या खेळात भाग घेते. बस्स!

पण बाईंनी बार्मब्रॅक म्हणजे काय ते सांगितले, आणि वर्गाने कान टवकारले. हा मनुका-बेदाणे घातलेला गोडसर पाव. ३१ ऑक्टोबरला, हॅलोईनच्या रात्री, आयर्लंडमध्ये तो हवाच. भाजण्यापूर्वी त्यात वस्तू दडवायच्या. ज्याच्या वाट्याला अंगठी, त्याचे वर्षाच्या आत लग्न. नाणे आले तर पैसा, चिंधी आली तर दारिद्र्य आणि शिवणाचे अंगुस्तान आले तर मुलगी जन्मभर कुमारिका! कोबी घालून कुस्करलेल्या बटाट्यांचे कोलकॅनन करतात, मधल्या खळग्यात लोणी सोडतात; त्यातही अंगठी लपलेली असायची. सफरचंदाची साल अखंड सोलून खांद्यावरून मागे टाकली, की तिच्या वळणात भावी नवऱ्याचे आद्याक्षर शोधायचे.

आम्ही मुली खूप हसलो. बाई म्हणाल्या, "हसा, पण या खेळांत प्रश्न किती आहेत, तेवढे मोजा."

मोजले. लग्न होईल का? पोटाला मिळेल का? देश सोडावा लागेल का? पुढच्या वर्षी मी असेन का? १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तेवढीच परदेशी गेली. पुढे कित्येक वर्षे तिथे लग्ने उशिरा होत आणि पुष्कळांची होतच नसत. पावातली अंगठी तेव्हा नुसती गंमत नव्हती.

कथेत मारियाचे डोळे बांधतात. समोर बशा. अंगठी म्हणजे लग्न, पाणी म्हणजे समुद्रापलीकडचा प्रवास, प्रार्थनापुस्तक म्हणजे मठ. तिचा हात पडतो ओल्या, मऊ मातीवर. माती म्हणजे मृत्यू. सगळे गप्प होतात. तिला कोणी काही सांगत नाही. पुन्हा हात घालायला लावतात आणि या वेळी प्रार्थनापुस्तक येते. संध्याकाळी लाँड्रीतल्या बाईने 'यंदा अंगठी तुलाच' म्हणून चिडवले, तेव्हा मारिया हसली होती.

त्या हसण्यापाशी मी थांबले. ते हसणे मी आमच्या घरात पाहिले आहे.

माझी आत्या अविवाहित आहे. तिला कढईतली खरवड फार आवडते, आणि कढईत खाल्ले की लग्नात पाऊस पडतो! 'आत्याच्या लग्नात पूर येणार' हा विनोद माझ्या जन्माच्या आधीपासून घरात चालू आहे. आत्या दर वेळी हसते. मीही हसत आले.

या दिवाळीत बासुंदीची कढई उतरली आणि कोणीतरी तो विनोद केलाच. मी हसले नाही. चमचा घेऊन आत्याशेजारी बसले आणि खरवडू लागले.

आत्याने माझ्याकडे पाहिले. काही बोलली नाही. कढई मात्र थोडी माझ्याकडे सरकवली.