मागचें इंजिन

कर्जतच्या स्टेशनाजवळ ज्यांचें बिऱ्हाड आहे, त्यांना झोपेंतही आगगाडीची भाषा कळते. पुण्याकडे जाणारी गाडी येऊन थांबते. थोड्या वेळानें तिच्या पाठीशीं इंजिनें लागल्याचा धक्का ऐकूं येतो. मग पुढच्या इंजिनाची शिट्टी, तिला मागच्याचें उत्तर, आणि ती लांबच लांब गाडी सावकाश घाटाकडे सरकूं लागते. खिडकीशीं बसून वडा खाणाऱ्या उतारूला या घडामोडीची वार्ताही नसते. बोरघाटांतला हा लोहमार्ग १८६३ सालीं वाहतुकीस खुला झाला. ३७ फूट पुढें जावें तों १ फूट वर चढावें, असा त्याचा कठीण चढ आहे; त्यामुळें सपाटीवर वाऱ्यासारखें धांवणारें इंजिनही येथें आलें, कीं मागून कोणीतरी हात द्यावा म्हणून थांबतें. २०२३ सालीं सुरू झालेली सोलापूरची वंदे भारत गाडी मात्र या मदतीवांचून चढून जाते; तिचा तोरा निराळा. माझे यजमान या मागच्या इंजिनांवर चालक होते. त्यांच्या कामाकडे मीं संसाराच्या पहिल्या वीस वर्षांत कधीं लक्ष देऊन पाहिलें नाहीं. घरांत पुढचें इंजिन मीच होतें, हें त्याचें एक कारण असावें.

मी मराठीची शिक्षिका. खालापूर तालुक्यांत, खोपोलीच्या बाजूस माझी शाळा होती. सकाळीं कर्जतहून खोपोलीची गाडी धरावी, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी असे थांबे मोजत जावें आणि दिवस कलतां परत यावें, हा क्रम एकोणीस वर्षें चालला. वर्गांत साठ मुलें असत. पत्र्यावरचा पाऊस आणि रस्त्यावरचीं वाहनें यांच्या कोलाहलावर माझा आवाज सहज मात करी. "बाई खोपोलींत रागावल्या, कीं लौजीच्या फलाटावर ऐकूं येतें," अशी मुलांची थट्टा होती. ती माझ्या कानांवर आली तेव्हां मला राग येण्याऐवजीं अभिमानच वाटला. माझा विशेष आवडीचा विषय म्हणजे वृत्तें. यमाताराजभानसलगं हें सूत्र फळ्यावर लिहून, लघूला एक मात्रा, गुरूला दोन, असा टाळ्यांचा ठेका धरून मी मुलांकडून गण पाडून घेत असें. आवाज ही हिशेबानें खर्चावयाची वस्तु आहे, असें त्या वेळीं मला कोणीं सांगितलें असतें, तर मी हंसलें असतें.

२००९ सालीं एका डोळ्यापुढें धुकें आलें आणि दोन महिन्यांनीं विरलें. पुढें पायांना मुंग्या आल्या, त्याही गेल्या. चष्मा बदलून झाला, तेल चोळून झालें. अखेर मुंबईस मेंदूचीं चुंबकीय छायाचित्रें काढलीं, आणि रोगाला नांव मिळालें : मल्टिपल स्क्लेरोसिस. शेजारणींपैकीं एकीलाही तें नांव धड उच्चारतां येईना, आणि पुढें मलाही येईनासें झालें.

मीं एकदां मुलांना खोपोलीच्या वीजगृहावर निबंध घातला होता. लोणावळ्याच्या बाजूच्या तळ्यांतलें पाणी नळांतून डोंगर उतरतें आणि खालीं त्याची वीज होते; १९१५ सालापासूनची ही व्यवस्था. त्याच दाखल्यानें मी माझा रोग लोकांना समजावून सांगतें. वीज आहे, दिवाही शाबूत आहे. पण मधल्या तारांवरचें वेष्टन ठिकठिकाणीं झिजलें आहे. मज्जातंतूंवर मायलिन नांवाचें असें एक वेष्टन असतें. शरीराची जी शक्ति बाहेरच्या शत्रूशीं लढावयाची, तीच चुकून या वेष्टनावर तुटून पडते. मग मेंदूचा हुकूम वाटेंत रेंगाळतो, अडखळतो, कधीं पोंचतच नाहीं. ज्या तारेला इजा होईल, तिच्यावर अवलंबून असलेलें काम बिघडतें. म्हणून या रोगाच्या दोन माणसांची कहाणी सहसा सारखी नसते. माझ्या कहाणींत डोळे आणि पाय यांच्यानंतर आवाजाची पाळी आली.

बोलणें किती अवघड आहे, हें बोलणें बिघडल्यावर कळतें. छातीनें श्वास जपून सोडावयाचा, कंठांतल्या पडद्यांनीं त्याचा नाद करावयाचा, जीभ आणि ओंठ यांनीं त्या नादाचे शब्द घडवावयाचे. आणि हें सर्व एका तालांत. माझा ताल सुटला. वाक्याच्या आरंभीं आवाज बरा निघतो, मध्यावर श्वास सरतो, शेवट कुजबुजींत जातो. आणि मराठींत क्रियापद शेवटीं येतें, ही केवढी अडचण! 'मला उद्यां तुमच्याकडे यावयाचें' एवढें ऐकूं जातें. आहे कीं नाहीं, तें वाऱ्यावर राहतें.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांतील शार्को या डॉक्टरांनीं १८६८ सालीं या रोगाचें सविस्तर वर्णन केलें. रोग्याच्या बोलण्यालाही त्यांनीं एक विशेषण लावलें. त्याचा भावार्थ असा, कीं कवितेचे गण पाडावेत तसें हें बोलणें अक्षराअक्षरानें तुटतें. माझ्या डॉक्टरांनीं हें सांगितलें तेव्हां मला हंसूं आवरेना. एकोणीस वर्षें मीं दुसऱ्यांकडून गण पाडून घेतले. आतां ते माझ्याच तोंडीं येऊन बसले! फरक एवढाच, कीं माझ्या या नव्या वृत्तांत लघु-गुरूंचा भेद उरलेला नाहीं. सगळीं अक्षरें एका वजनाचीं. जी चूक मीं मुलांना कधीं माफ केली नाहीं, ती मी दिवसभर करीत असतें.

आवाजापेक्षांही सांगण्यास कठीण गोष्ट म्हणजे थकवा. तो दिसत नाहीं. लावणी केली, ओझें वाहिलें, म्हणजे जो शीण येतो, त्याच्या पाठीमागें कांहीं काम उभें असतें, आणि रात्रीच्या झोपेनें तो उतरतो. हा थकवा कोणत्याच कामाचा मोबदला नव्हे. एखाद्या दिवशीं सकाळीं वेणी घालून होते न होते, तोंच हात मांडीवर पडतात आणि दिवस संपतो. "तुम्ही दिसतां तर छान," असें भेटीस आलेलीं माणसें म्हणतात. त्यांना उत्तर देण्यास जी शक्ति लागते, तीच संपलेली असते. उन्हाळ्याविषयीं तर विचारूंच नये. माथेरान आणि सह्याद्रि यांच्या मधल्या खळग्यांत कर्जत बसलेलें. वैशाखांत दुपारीं वारा पडतो आणि भिंती तापतात. झिजलेल्या तंतूंतले निरोप उष्णतेनें आणखी मंदावतात. उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यांनीं १८९० सालीं अशा रोग्यांची दृष्टि श्रमानंतर मंद होते असें नोंदलें; वाढलेली उष्णता हें त्याचें कारण पुढें कळून आलें. मला तें माझ्या शेगडीनें शिकविलें. भाकऱ्या भाजतांना जीभ जड होते. मानेवर ओल्या टॉवेलाची घडी ठेवून पंख्याखालीं बसलें, कीं तासाभरानें शब्द परत येतात.

म्हणून मी शब्दांचा जमाखर्च ठेवूं लागलें. महत्त्वाचें बोलणें सकाळीं दहाच्या आंत. एका श्वासाला तीन-चार शब्द, मग विसांवा. दुसऱ्या खोलींतून हांक मारणें बंद. विशेषणें मीं जवळजवळ सोडलींच. मुलांना जें सारांशलेखन शिकविलें, तें मला स्वतःला आतां कोठें जमूं लागलें. शाळा २०१४ सालीं सोडावी लागली. त्या दिवसाविषयीं लिहिण्याइतकी शिल्लक अजून माझ्यापाशीं नाहीं.

लोक ऐकतात कसें, याचा अभ्यास मात्र या निमित्तानें झाला. कांहीं जण मी बहिरी आहें अशा समजुतीनें ओरडून बोलतात. "शुद्धीवर आल्यावर फोन करा," असें सांगून एका गृहस्थांनीं फोन ठेवला. जन्मांत द्राक्षासवाच्या पलीकडे न गेलेल्या बाईला तो बहुमानच म्हणावयाचा. पण बहुतेक माणसें दयाळू असतात, आणि दयाळूपणानें माझें वाक्य पुरें करतात. त्यांनीं पुरें केलेलें वाक्य पुष्कळदां माझें नसतें. परंतु तें दुरुस्त करावयास नवें वाक्य लागतें, आणि तें परवडत नाहीं. मग मी मान डोलावतें. असें करतां करतां आपल्या नसलेल्या मतांचा आपल्या नांवावर केवढा सांठा जमतो!

याला अपवाद एका म्हातारीचा. ती वरच्या ठाकरवाडींतून उन्हाळ्यांत करवंदें आणि पावसाळ्यांत रानभाज्या घेऊन येते. टोपली उतरून उंबऱ्याशीं टेकते आणि म्हणते, "बोल बाय, मी बसलेली हाय." आणि ती खरोखरच बसते. पदरानें वारा घेते, रस्त्याकडे पाहते. 'दोन वाटे दे, शेवळें नकोत,' एवढें माझें चार श्वासांत पुरें होईपर्यंत तिच्या चेहऱ्यावर घाई नसते आणि दयाही नसते.

यजमानांना तेवढें बसवत नसे. २०१८ सालीं ते निवृत्त झाले आणि दिवसभर घरीं राहूं लागले. माझा शब्द अडला, कीं त्यांचा तयार असे. आणि दुःख असें, कीं तो बरोबर असे. चुकलेलें वाक्य नाकारतां तरी येतें. जें आपल्या मनांतलेंच आहे, तें दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर आपण बोलावें तरी कशासाठीं?

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा २०१६ सालीं झाला, त्यांतल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. त्याच्या दाखल्यासाठीं आम्ही मे महिन्यांतल्या एका दुपारीं एका कचेरींत गेलों. टेबलामागच्या गृहस्थांनीं माझें नांव विचारलें. मीं आरंभ केला. तिसऱ्या अक्षराला त्यांनीं माझ्यावरची नजर काढून यजमानांकडे नेली. "बाईंना काय म्हणायचंय?" यजमानांनीं सांगितलें. नांव, वय, शिक्षण, आजार, सर्व कांहीं, अगदीं बिनचूक. मी खुर्चींत बसलें होतें, आणि माझी हकीकत माझ्या डोक्यावरून चालली होती.

घरीं आल्यावर मी बोललें नाहीं. शक्ति नव्हती म्हणून नव्हे. रात्रीं वहीच्या पानावर मीं लिहिलें : "माझें नांव मला सांगतां आलें असतें." त्यांनीं तें वाचलें आणि बराच वेळ ते गप्प राहिले. स्टेशनांत गाडी उभी होती. मागें इंजिन लागल्याचा धक्का आम्हीं दोघांनीं ऐकला. शिट्टी झाली, तिला उत्तर गेलें.

मग ते म्हणाले, "इतकी वर्षं मागं राहून ढकललं. समोर शेवटच्या डब्याची पाठ, दुसरं कांहीं दिसायचं नाहीं. पुढच्याची खूण आल्याशिवाय मागच्यानं जोर लावायचा नसतो, एवढं पक्कं होतं. घरीं आलों आणि तेवढंच विसरलों."

त्या रात्रीं आम्हीं आमची शिट्टी ठरविली. मीं बोटानें दोनदां टकटक केलें, तर त्यांनीं शब्द द्यावा. एरव्हीं देऊं नये, मग वाक्य कितीही लांबो. हें त्यांना सोपें नाहीं. माझा शब्द त्यांच्या ओंठांवर येऊन थांबलेला मला स्पष्ट दिसतो. कांहीं दिवशीं तर मी पहिल्याच शब्दाला टकटक करतें, आणि पुढचें सर्व त्यांच्यावर सोपवून डोळे मिटतें. त्यांत मला कमीपणा वाटत नाहीं. मदत नको, असें मीं कधींच म्हटलें नव्हतें. चढ आहे, आणि तो मला एकटीला चढवत नाहीं.

पुढच्या महिन्यांत त्याच कचेरींत पुन्हां जावें लागलें. या वेळीं सकाळींच गेलों. मानेवर ओला रुमाल होता. त्या गृहस्थांनीं कागद उघडला आणि यजमानांना विचारलें, "बाई काय करतात?" यजमान माझ्या खुर्चीमागें उभे होते. त्यांनीं आपल्या चपलांकडे पाहिलें. कांहीं क्षण गेले. रांगेंत कोणी खोकलें. अखेर त्या गृहस्थांना माझ्याकडे पाहणें भाग पडलें. माझें बोट टेबलावर होतें. मीं तें उचललें नाहीं.

"मी," मीं म्हटलें, आणि श्वास घेतला. "मराठी." पुन्हां श्वास. "शिकवीत होतें."

आवाज कुजबुजीएवढाच होता. पण क्रियापदापर्यंत पुरला.